येडूच्या छातीतली शीळ

श्वास बगायचा म्हणे! श्वास काय बगायची वस्तू हाय व्हय? लुगडं बगावं, बैल बगावा, पोरीला स्थळ बगावं. पण आमच्या मिलच्या लेबर ऑफिसरनं पुण्याहून एक सर आणला, आन् त्या सरानं आमाला, दिवसभर मागापुढं उभं राहून पोटऱ्यांच्या गाठी झालेल्या माणसांना, मांडी घालून श्वास बगायला बसवलं.

मी सिद्धाराम, माग खात्यातला. आणीबाणीतली गोष्ट हाय. तवा भोंग्यावर सोलापूर उठायचं आन् भोंग्यावरच जेवायचं. मिलच्या भिंतीवर 'कमी बोला, जास्त काम करा' असं ढब्ब्या अक्षरात रंगवलेलं. संपाचं नाव काढायची सोय न्हवती, आन् श्वास बगायला येत न्हाय म्हणायची तर त्याहून न्हवती. न्हायतर त्या सराला आमी पुढच्या गाडीनं पुण्याला परत धाडला असता, डब्यात शेंगाची चटणी बांधून.

सराचं नाव आठल्ये. पांढराशुभ्र झब्बा, अंगाला चंदनाचा वास, आन् आवाज कसा, तर दुधावर साय धरावी तसा. त्यानं उभ्या जन्मात चहाच्या कपापेक्षा जड काय उचललं नसंल. पयल्या दिवशी लेबर ऑफिसरनं भाषण ठोकलं. म्हणला, "कामगार बंधूंनो, तुमच्या मनावर ताण आहे. ताणामुळे अपघात होतात." आता मागच्या महिन्यात अपघात झालता तो मागाचा पट्टा विरला होता म्हणून. पट्टा बदलायचा सोडून हा बाबा आमाला बदलायला निघाला. शाबास रे पठ्ठ्या!

वर्ग सोमवारी, पयली पाळी सुटली की, कॅन्टीनच्या हॉलमध्ये. प्रत्येक खात्यातली माणसं वेचून काढलेली. त्यात मी होतो, आन् माझ्या कर्मानं येडू पण होता.

येडू माझा शेजारी, मिलच्या चाळीत भिंतीला भिंत. माळशिरसकडचा धनगर. बाप मेंढरं राखायचा; हा मिशी फुटायच्या आत मिलमध्ये आला तो कापूस खात्यात. कापसाच्या गाठी फोडायच्या, पिंजायच्या यंत्रात घालायच्या. त्या खात्यात बारा महिने धुकं असतं, आन् ते धुकं कापसाच्या धुळीचं. माणसं तोंडात गुळाचा खडा धरून काम करायची, घसा साफ राहतो म्हणून. येडूच्या खिशात कायम गूळ. पण गूळ पोटात जातो आन् धूळ जायची तितंच जाते. सुट्टीचा दिवस काढून सोमवारी खात्यात पाय टाकला की त्याची छाती आवळायची. संध्याकाळी चाळीत आला की आत बारीक शीळ वाजायची. लांबून कुणी मेंढरं हाकतंय असं वाटायचं.

हे त्यानं मिलपासून लपवलं होतं. मिलच्या डॉक्टरनं छाती खराब लिहिली की माणूस बाहेर, आन् माणूस बाहेर की चाळीतली खोली पण बाहेर. कापूस खात्यातल्या आवाजात शीळ कुणाला ऐकू जायची न्हाय, म्हणून निभत होतं. त्याची बायको मायाक्का मला आण्णा म्हणायची. वर्गाचं कळलं तशी ती आमच्या दारात आली.

"आण्णा, तितं समदं गप बसणार व्हय?"

"व्हय. गप बसून श्वास ऐकायचा म्हणे."

"मंग ह्यांची शीळ ऐकू यील की! साहेब असंल तितं. आण्णा, तेवढी नोकरी राखा त्यांची. आमाला गावाकडं आता काय ऱ्हायलं न्हाय."

मी म्हणलं, "बगतो." दुसरं काय म्हणणार? आमची ईरम्मा आतून म्हणली, "नुसतं बगतो म्हणू नका, काय तरी करा." आमच्या घरात लेबर ऑफिसर हीच.

आता एक सांगायचं ऱ्हायलं. माग खात्यात शेकडो माग एकदम चालतात. तितं कानात ओरडलं तरी ऐकू जात न्हाय. म्हणून आमी ओठावर बोलतो. आवाज काढायचा न्हाय, नुसते ओठ हलवायचे, आन् समोरच्यानं पार त्या टोकाला उभं राहून वाचायचे. शिव्या, चेष्टा, घरची दुखणीखुपणी, सगळं ओठावर. मराठी, कानडी, तेलगू, काय पण असू दे. कापूस खातेवाले पण शिकलेले. साहेब लोकांना ह्यातलं काय ठावं न्हवतं. ते आत यायचे तेच कानात बोळे घालून, आन् आलेल्या पावली परत जायचे.

तर पयला सोमवार. सर पुढं बसला. "डोळे अलगद मिटा. आता श्वासाकडे फक्त पाहा. तो आत येतो आहे, बाहेर जातो आहे. बदलू नका, नुसतं जाणा. आता लक्ष पायाच्या अंगठ्याकडे न्या. तिथे काय जाणवतं?"

काय जाणवणार? भोवरी! मंग म्हणला गुडघा, मंग कंबर, मंग पाठ. अरे बाबा, माझं कुटं काय दुखतंय हे शोधायला मला पुण्याचा माणूस कशाला लागतोय? ते न शोधताच मला रोज सापडतं. आमच्या लिंगायतांत सकाळी अंघोळ करून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसतात. तितं पण नजर ठरते, श्वास शांत होतो. माझा आज्जा, बाप, सगळे बसले. त्यासाठी कुणी हॉल घेतला न्हाय, का कुणी आमच्यापुढं चंदन लावून बसलं न्हाय.

असा मी आतल्या आत चरफडत होतो, तेवढ्यात शीळ वाजली.

सगळा हॉल चिडीचूप, आन् त्यात येडूची छाती. सूंऽऽ. थांबायची, परत सूंऽऽ. मी एक डोळा उघडला. आजूबाजूच्या सगळ्यांनी एकेक डोळा उघडला होता. लेबर ऑफिसर दारात खुर्ची टाकून बसलेला. माझ्याच खात्यातल्या नरसय्यानं पलीकडून ओठावर विचारलं, "काय करायचं?" मला दुसरं काय सुचंना. मी घोरायला लागलो. घोरलो म्हंजे असा घोरलो की ईरम्मा असती तर उशी फेकून मारली असती.

सर उठला. मला वाटलं माझ्याकडंच येतोय. तो माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवून म्हणला, "झोपू नका, जागे राहा," आन् सरळ येडूपुढं जाऊन उभा राहिला. मान तिरकी केली. येडूचा चेहरा पांढराफटक. मी मनात म्हणलं, संपलं. खोली गेली.

आन् सर म्हणतो काय? "ऐका! सर्वांनी ऐका! किती दीर्घ श्वास! किती सावकाश सोडतोय हा माणूस! प्रत्येक श्वास याला स्वतःला ऐकू येतो आहे. याला म्हणतात श्वासाचं भान!"

अय्यो शिवने! धाप लागलेल्या माणसाला श्वास सावकाशच सोडावा लागतो रे शहाण्या, पटकन सुटतच न्हाय तो! पण शिकलेल्या माणसाचं एक असतं. त्याला जे बगायचं असतं तेच दिसतं. येडूला हाताला धरून त्यानं पुढं नेला, आपल्या शेजारी सतरंजीवर बसवला, आन् आमाला हुकूम सोडला, "असा श्वास घ्या. याच्यासारखा."

मंग आमी घेतला की! एकट्याची शीळ उठून दिसती, सगळ्यांची दिसत न्हाय. पयल्यांदा नरसय्यानं काढली, मंग मी, मंग सगळा हॉल. सूंऽऽ. सूंऽऽ. चांगले बाप्ये झालेले लोक नाकातनं शिट्ट्या काढत बसलेले. लेबर ऑफिसर खूश होऊन मान डोलवत होता. हसू दाबता दाबता माझ्या पोटात कळ आली, आन् सर म्हणला, पोटात काय जाणवतं तेही पाहा.

तवापासून येडू वर्गाचा पुढारी झाला. मला वाटलं तो ह्या सोंगाला माझ्याइतकाच वैतागला असंल. कशाचं काय! एकदा घरी येताना म्हणतो, "सिद्धाराम, मला बरं वाटतंय रे तितं."

"काय बरं वाटतंय? डोंबल?"

"हवा सोच्छ हाय. कोण खेकसत न्हाय. आन् त्यो म्हणतोय तसं बगितलं न्हवं श्वासाकडं, तर भ्या कमी वाटतंय. रातीला दम लागला की मी बगत बसतोय. आला, गेला. आला, गेला."

मी त्याला मूर्खात काढला. म्हणलं, "येडू नाव ठेवलं ते काय उगंच न्हाय." तो हसला आन् मला गुळाचा खडा दिला. राग मला येडूचा न्हवता. राग ह्याचा होता की अर्धा तास स्वच्छ हवा मिळायला माणसाला सतरंजीवर बसून सोंग आणावं लागावं. खिडक्या मोठ्या करा म्हणून आमी कापूस खात्यासाठी किती वेळा सांगितलं, तर म्हणले वाऱ्यानं कापूस उडतो. कापूस उडायला नको, माणूस उडला तर चालंल.

मंग ती मुंबईची पाव्हणे मंडळी आली, मालकाच्या घरची. लेबर ऑफिसरला वर्ग दाखवायची लई हौस. हॉलमध्ये स्टेज बांधलं, झेंडूच्या माळा सोडल्या, आन् येडूला स्टेजवर बसवायचं ठरलं. एवढ्यावर भागलं असतं. पण सराला आणखी अवदसा आठवली. म्हणला, मिलच्या डॉक्टरांनी सर्वांसमोर याची छाती तपासावी, म्हणजे शास्त्रीय पुरावा होईल.

हे ऐकून मायाक्कानं हातपाय गाळले. अडुळशाचा काढा दिला, ओव्याचा शेक दिला, अंबाबाईला नवस बोलली. शेक देऊन छाती सुधारती तर डॉक्टर कशाला लागले असते? आमी पाचसहा जणांनी येडूला म्हणलं, ताप आलाय म्हण, पडून ऱ्हा. तर म्हणला, "आज पडून ऱ्हायलो तर उद्या घरी तपासाय येतील. होऊ दे काय व्हायचं ते."

सोमवारीच झालं ते. येडू स्टेजवर मांडी घालून, डोळे मिटून बसला. मायाक्कानं सदरा स्वच्छ धुऊन दिला होता. आमी समोर सतरंज्यांवर. पाव्हणे पयल्या रांगेत खुर्च्यांवर. सर पाघळत होता, "हा साधा कामगार पाहा, याला कुणी योग शिकवला नाही." डॉक्टर वर चढला. नळी कानाला लावली. येडूच्या पुढनं लावली, मागनं लावली, परत पुढनं लावली. शीळ आमाला खाली ऐकू येत होती, त्याला नळीतनं काय काय ऐकू आलं असंल! डॉक्टर लई वेळ ऐकत राहिला. मंग नळी काढून गळ्यात टाकली आन् स्टेजच्या कडंला उभ्या लेबर ऑफिसरपाशी जाऊन हळूच कायतरी बोलला.

हळूच. अगदी कानात. पण तोंड आमच्याकडं करून.

आमी सगळ्यांनी वाचलं. डॉक्टरचे ओठ म्हणले, "दोन्ही बाजू गेल्यात ह्याच्या. कापूस खात्यात ठेवला तर वर्ष काढणार नाही."

लेबर ऑफिसरचे ओठ म्हणले, "आज नको. पाहुणे बसलेत. नंतर बघू."

आन् डॉक्टर, शिकलेला, गळ्यात नळी घातलेला डॉक्टर, पुढं आला, हसला, आन् मोठ्यानं म्हणला, "उत्तम! छाती उत्तम आहे!"

पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या. सरानं वाजवल्या. आमच्यातल्या एकानं पण वाजवली न्हाय. सगळे हात मांडीवर. सर पाव्हण्यांना म्हणला, "बघितलंत? टाळ्यांनीसुद्धा यांची एकाग्रता ढळत नाही." थुंकायला जागा असती तर मी तितंच थुंकलो असतो.

येडूनं डोळे किलकिले केले. 'उत्तम' त्यानं ऐकलं होतं. ओठ कुठले वाचणार, डोळे मिटलेले होते ना त्याचे तवा. त्यानं मला हुडकलं आन् ओठावर म्हणला, "वाचलो रे!" त्याचं तोंड असं फुललं होतं की बगवत न्हवतं.

आता मी काय करावं? गप बसलो तर नोकरी राहती, खोली राहती, मायाक्कानं मागितलेलं सगळं राहतं, आन् येडू तेवढा राहत न्हाय. बोललो तर तो आज बाहेर आन् मी उद्या. शेवटी म्हणलं, जीव त्याचा हाय, त्यालाच ठरवू दे. आन् डॉक्टर जे बोलला ते अक्षर न् अक्षर मी त्याला ओठावर सांगितलं. ऑफिसर बोलला ते पण सांगितलं.

येडू माझ्याकडं बगत राहिला. फुललेलं तोंड तसंच होतं, नुसतं आतलं कायतरी निघून गेलं. मंग त्यानं परत डोळे मिटले. पाठ ताठ केली. एक श्वास घेतला, लांब शीळ वाजली, आन् मिटल्या डोळ्यांनीच तो मोठ्यानं बोलला.

"डाक्टरसाहेब, दोनी बाजू गेल्यात म्हणलासा न्हवं माज्या? कापूस खात्यात ठिवला तर वरीस काढत न्हाय म्हणलासा. मंग ठिवू नगा. मला हवेत बसवा, गेटावर. आन् खोली ऱ्हाऊ द्या. पाव्हणं हाईत तवर सांगा, मागनं बगू म्हणू नगा."

डॉक्टरच्या तोंडावरची माशी उठंना. लेबर ऑफिसर एकदा डॉक्टरकडं, एकदा येडूकडं. कुणी सांगितलं? ह्याचे तर डोळे मिटलेले! तवा मला कळलं येडूनं डोळे का मिटले. मला वाचवायला. आन् त्याला मी मूर्ख म्हणलो होतो.

पाव्हण्यांतली एक म्हातारी बाई उठून हात जोडून उभी राहिली. आन् सर! सराचे डोळे भरून आले. तो येडूच्या पायाशीच बसला की! "दूरश्रवण! श्वासाच्या साधनेनं याला दूरश्रवण प्राप्त झालं! माझ्या वर्गात!" समोर एक माणूस मरायला टेकलाय असं त्याच्याच तोंडानं सांगतोय, आन् ह्याला त्यात आपला वर्ग दिसला. ह्या माणसाला हसावं का ठोकावं हेच मला आजपर्यंत कळलं न्हाय. पण त्याच्या खुळेपणानं काम झालं. म्हातारी बाई मालकाची आई निघाली. ती म्हणली, "ह्यांना गेटावर बसवा. आजच." लेबर ऑफिसरनं मान हलवली. ओठाचं गुपित आमी कुणी फोडलं न्हाय. अजून न्हाय.

येडू गेटावर बसला. लिंबाच्या सावलीत, स्टुलावर. सर पुण्याहून माणसं आणून त्याला दाखवायचा. एकदा एकानं विचारलं, "बाबा, ध्यानात तुम्हाला काय जाणवतं?" येडू म्हणला, "गूळ." त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

पण हवा उशिरा मिळाली. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत तो माझ्या खांद्याला धरून पाळणे बगून आला, आन् उन्हाळा लागता लागता अंथरुणाला खिळला. शेवटी आवाज निघंना. दुपारचा भोंगा व्हायच्या टायमाला मी त्याच्याजवळ बसलो होतो, मायाक्का पायाशी. आमी दोघं श्वासच बगत होतो, सरानं शिकवल्यासारखा. आला, गेला. येडूचे ओठ हलले. मायाक्काला वाचता येत न्हवतं. ती म्हणली, "आण्णा, काय म्हणत्यात?"

मी सांगितलं, "उत्तम हाय म्हणतोय. छाती उत्तम हाय, हिला सांग."

त्यानं ते खरंच म्हणलं होतं. वर डोळा पण मारला.

पुढच्या सोमवारी सरानं हॉलमध्ये येडूच्या नावानं शांतता ठेवली. डॉक्टर होता, लेबर ऑफिसर होता. सर म्हणला, डोळे मिटा आणि श्वास पाहा. आमी डोळे मिटले आन् येडूचा श्वास घ्यायला लागलो. सगळ्यांनी. सूंऽऽ. सूंऽऽ. कुणी कुणाला सांगितलं न्हवतं. सर हुंदका देऊन म्हणला, "अगदी त्याच्यासारखा!" आमी थांबलो न्हाय. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, डॉक्टर उठला. मंग दुसरी सरकली. दोघं दाराबाहेर जाईपर्यंत आमी ती शीळ वाजवत राहिलो.

तवा मला ती सोंग करून काढावी लागायची. आता चार पायऱ्या चढलो की आपोआप वाजती, आन् ईरम्मा आतनं हाक मारती, कोण आलंय म्हणून. आठल्ये सर असते तर मला पण पुढं बसवलं असतं.